कुचिंगच्या छावणीतून केंब्रिजच्या शाळेकडे

परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकविणाऱ्या शाळा आज इंग्लंडात गावोगाव आहेत, आणि त्यांतील पुष्कळशा केवळ व्यापारी हिशेबाने चालतात हे मान्य करूनही, केंब्रिज येथील बेल शाळेचा इतिहास मात्र वेगळ्या आदराने वाचावा असे मला मनापासून वाटते; कारण या शाळेचे बीज विद्यापीठाच्या प्राचीन प्रांगणात नव्हे, तर बोर्निओ बेटावर, सारावाकमधील कुचिंग शहराजवळच्या बाटू लिंतांग येथे, जपानी अमलाखालील युद्धकैद्यांच्या छावणीत रुजले.

१९४२ ते १९४५ या काळात त्या छावणीत ब्रिटिश, ऑस्ट्रेलियन व डच कैदी होते, सारावाकच्या रक्षणासाठी धाडलेल्या पंजाब रेजिमेंटचे हिंदी शिपाई होते, नागरी स्त्रिया व मुलेही होती, आणि काटेरी तारांनी त्यांच्या वस्त्या एकमेकींपासून तोडलेल्या होत्या. उपासमार, रोगराई आणि सक्तीची मजुरी यांमुळे ब्रिटिश शिपायांपैकी सुमारे दोन-तृतीयांश तेथेच मृत्युमुखी पडले. अधिकाऱ्यांना बहुतांशी या मजुरीतून सूट होती. भाजीचे वाफे आणि पाळलेली जनावरे सांभाळून त्यांच्या हाती थोडा वेळ व थोडे त्राण उरत असे. पुढे जे घडले ते या सवलतीमुळेच शक्य झाले, ही गोष्ट त्याचे कौतुक करताना विसरणे उचित होणार नाही.

वर्ग भरविण्यास ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या वरिष्ठाने संमती दिली. जपान्यांनी मात्र मनाई हुकूम काढला. तो हुकूम डावलून, फ्रँक बेल नावाच्या अधिकाऱ्याच्या पुढाकाराने, १ ऑक्टोबर १९४३ रोजी पहिले सत्र सुरू झाले, आणि कैद्यांनी या उपक्रमाला ‘कुचिंग विद्यापीठ’ असे भारदस्त नाव दिले. फ्रेंच, जर्मन, इटालियन, डच, रशियन व स्पॅनिश या भाषा, त्यांच्या जोडीला नौकानयनशास्त्र, इतिहास, नागरिकशास्त्र, काव्य, मोटारदुरुस्ती, एवढेच नव्हे तर कुक्कुटपालन आणि वराहपालन असा तो अभ्यासक्रम होता. छापील पाठ्यपुस्तकांचा प्रश्नच नव्हता, म्हणून ती हातांनी लिहिली गेली: पत्रांच्या व लिफाफ्यांच्या कोऱ्या पाठी, वर्तमानपत्रांचे तुकडे, सिगारेटचा कागद, शौचासाठी मिळणारा जपानी कागद, जे हाती येईल त्यावर व्याकरणाची रूपे आणि शब्दांच्या याद्या उतरविल्या जात, आणि ती पाने जुन्या सारोंगच्या चिंध्यांत बांधून त्यांचे ग्रंथ होत. एक वेळचेही पुरेसे जेवण न मिळणारा मनुष्य रशियन क्रियापदांची रूपे पाठ करीत बसतो, तेव्हा ती विद्या त्याला कोणत्या नोकरीसाठी हवी असते, हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

सप्टेंबर १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सैन्याने छावणी मुक्त केली. मायदेशी परतलेल्या बेल यांच्या मनात एक श्रद्धा पक्की झालेली होती, ती ही की परस्परांच्या भाषा शिकणारी राष्ट्रे एकमेकांना समजून घेऊ लागतात. १९५५ साली त्यांनी केंब्रिजच्या रेड क्रॉस लेनमध्ये स्वतःची शाळा काढली. परदेशीयांच्या इंग्रजीशी केंब्रिजचा संबंध नवा नव्हता: इंग्रजीतील प्रावीण्याची परीक्षा त्या विद्यापीठाने १९१३ सालीच सुरू केली होती, आणि तिला बसलेले तिन्ही उमेदवार त्या वर्षी नापास झाले होते. त्या परीक्षेत भाषांतराला मोठे स्थान होते.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर वाढलेल्या मराठी वाचकाला भाषांतरातून इंग्रजी शिकण्याचा हा मार्ग परिचित आहे. पण ज्या वर्गात स्वीडनचा, तुर्कस्तानचा आणि जपानचा विद्यार्थी शेजारी शेजारी बसतो, तेथे भाषांतर कोणत्या भाषेत करावयाचे? वस्तू दाखवून, कृती करून, प्रश्न विचारून, इंग्रजीचा अर्थ इंग्रजीतूनच उलगडावा लागतो, आणि मधल्या सुटीत त्या तिघांना परस्परांशी बोलावयाचे झाले तरी तुटकी का होईना, इंग्रजीच जवळ करावी लागते. माझ्या मते अशा शाळेचे खरे अध्यापन या मधल्या सुटीतच होते, आणि बेल यांची श्रद्धा तेथेच कसाला लागते. ज्या राष्ट्राच्या पहाऱ्यात आपण कैद भोगली त्याच राष्ट्राच्या तरुणांसाठीही शाळेचे दार उघडे ठेवणे, यासाठी मनाचा मोठेपणा लागतो.

शाळा वाढली, केंब्रिजखेरीज नॉरिच, बाथ, सॅफ्रन वॉल्डन येथेही तिचे वर्ग निघाले. १९७२ साली ती खासगी मालमत्ता न राहता शैक्षणिक विश्वस्त संस्था झाली, म्हणजे तिची शिल्लक कोणा मालकाच्या खिशात न जाता शिक्षणाकडेच वळावी अशी कायदेशीर तजवीज झाली. तिच्या साऱ्या इतिहासात मला ही घटना १९५५ च्या स्थापनेइतकीच महत्त्वाची वाटते. छावणीतल्या त्या विद्यापीठाची हकिकत ‘अंडरकव्हर युनिव्हर्सिटी’ या नावाने बेल यांच्याच लेखणीतून १९९० साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आहे. भाषाशिक्षणाशी ज्यांचा काही संबंध आहे त्यांनी, विशेषतः आपल्याकडील शिक्षकांनी, ती मिळवून अवश्य वाचावी.