मखमल कपात उतरते तेव्हा

गेल्या महिन्यात कन्येने हट्ट धरला, ‘रेड वेल्वेट’ कपकेक घरीच करायचे. अमेरिकेतले हे पक्वान्न. ‘मखमल’ हे नाव मात्र रंगाचे नव्हे, पोताचे. साध्या कोकोला ताकाचा आंबटपणा भेटला की किंचित तांबूस छटा येते. भडक लाली रंगाच्या बाटलीतली.

आईच्या स्वयंपाकघरात अंडे चालत नाही. म्हणून भट्टी माडीवर, तंबोऱ्यांच्या खोलीत नेली. बारा कपांना १५० ग्रॅम मैदा, तितकीच साखर, ६० ग्रॅम लोणी, एक अंडे, अर्धा कप ताक, मोठा चमचाभर कोको, रंग. शेवटी अर्धा लहान चमचा सोडा व तितकेच व्हिनेगर. या दोघांची फसफस होते, त्या वायूनेच केक फुगतो. नेमका तेव्हाच शिकवणीचा विद्यार्थी आला. मी उठलो, परतेपर्यंत वायू निघून गेला होता. कप बसले, कन्या रडली.

दुसऱ्या खेपेस विद्यार्थ्यालाच थांबवले आणि अंड्याऐवजी पाव कप दही घातले. १७५ अंशांवर वीस मिनिटांत पोत साधला. रंग जरा फिकाच होता. पण आईने पहिला कप मागून घेतला.