नववीची मुलं इंग्रजीत बोलती कशी होतील?

शिक्षक मित्रांनो, आपल्या राज्यात २००० पासून पहिलीलाच इंग्रजी सुरू होतं. तरी मराठी माध्यमातली नववीची मुलं ‘इंग्रजीत सांग’ म्हटलं की खाली मान घालतात. चुकलो तर वर्ग हसेल, ही खरी धास्ती! म्हणून मुलगा बोलत असताना मध्येच चूक काढू नका. तो म्हणाला, “येस्टरडे आय गो टू शेत,” तर आपण सहज विचारायचं, “ओह, यू वेंट टू द फार्म? हू वेंट विथ यू?” बरोबर रूप दोनदा कानावर पडतं आणि गप्पाही तुटत नाहीत. ‘गो-वेंट’ नंतर फळ्यावर घ्या, कुणाचंही नाव न घेता.

आणि पालकांनो, मार्क विचारण्याआधी आज इंग्रजीत काय बोललास ते विचारा. मोडकंतोडकं आलं तरी पूर्ण ऐकून घ्या.