नाक राखून नाक

आमच्या वसईत नाकाला फार मान. नथ त्यात, राग त्याच्या शेंड्यावर आणि घराण्याची अब्रूही तिथेच! शेजारच्या मुलीने नाकावरचा उंचवटा ऑपरेशन करून घालवायचे ठरवले, तेव्हा तिच्या आईने मला विचारले, "वहिनी, हाड कापल्यावर श्वास नीट चालेल ना हो?" प्रश्न रास्त होता.

जुनी रीत अशी, की उंचवटा वरून तासायचा. त्याने नाकाचे छप्पर उघडे पडते, मग बाजूची हाडे कापून आत सरकवावी लागतात. ते नीट जुळले नाही, तर नाक मध्येच बसते आणि आतली वाट अरुंद होते. नाकाची मूळ घडण राखणाऱ्या पद्धतीत छपराला हात लावत नाहीत. मधल्या पडद्यातली कूर्चेची, म्हणजे कानात असते तशा मऊ हाडाची, एक पट्टी काढतात, बाजूची हाडे मोकळी करतात आणि अख्खा कणा खाली उतरवतात. छप्पर न उतरवता खालचे खांबच आखूड करावेत, तसे. अमेरिकेतल्या गुडेल यांनी ही युक्ती १८९९ मध्ये मांडली होती. पुढे ती मागे पडली आणि २०१८ च्या सुमारास रोलिन डॅनियल यांच्या लेखनाने पुन्हा पुढे आली.

जिवंत भाग राखण्याचे हे शहाणपण पुण्याजवळ मात्र त्याआधी शंभर वर्षे वापरात होते. कावसजी हा मराठा गडी इंग्रजी फौजेत बैल हाकत असे. १७९२ च्या लढाईत तो टिपूच्या कैदेत सापडला, तिथे त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. वर्षभराने विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक दिले. मेणाचा पातळ नमुना कपाळावर ठेवून तेवढी कातडी सोडवली, पण दोन डोळ्यांमधला देठ तोडला नाही. रक्तपुरवठा त्यातूनच व्हायचा होता! कडा टाक्यांनी नव्हे, तर ओल्या काथाने चिकटवल्या. देठ तुटला तो पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास. लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकीकत छापली. रुग्णाचे नाव दिले, कारागिराचे नाही. तिकडे कार्प्यू यांनी १८१४ मध्ये त्याच रीतीने ऑपरेशन केले.

नवी पद्धत सगळ्याच नाकांना चालत नाही. मार लागून फार वाकडे झालेले किंवा आधी ऑपरेशन झालेले नाक बहुधा कूर्चेचा आधार देऊनच बांधावे लागते. म्हणून डॉक्टरांना विचारायला लाजू नये : पडदा सरळ आहे का? उंचवटा हाडाचा की कूर्चेचा? आणि तो थोडा पुन्हा वर आला, तर पुढे काय करणार?