हाड सांधले, पण चालण्याचे काय?

पाय मोडलेल्या माणसाच्या उपचारांचा विचार बहुधा शस्त्रक्रियेपाशी थांबतो. सळई बसविली किंवा प्लास्टर चढविले, क्ष-किरण चित्रात हाड जुळलेले दिसले, की पाय बरा झाला असे मानण्यात येते. वस्तुतः हाड सांधणे आणि माणूस पुन्हा चालू लागणे या दोन निराळ्या गोष्टी होत. दुसरीला लागणारे श्रम, वेळ आणि पैसा यांचा हिशेब मात्र आपल्या आरोग्यव्यवस्थेने अद्याप नीट मांडलेला नाही.

प्रौढ माणसाच्या नडगीचे मोडलेले हाड सांधण्यास सामान्यतः तीन ते पाच महिने लागतात. पाय जखडून राहिला, की मांडीचा स्नायू काही आठवड्यांतच झिजतो. गुडघा व घोटा आखडतात. म्हणूनच भौतिकोपचार हाड जुळण्याची वाट पाहत बसत नाही. मांडीचा स्नायू आवळून धरणे, बोटे हलविणे असे व्यायाम बिछान्यावरच सुरू होतात. पुढे कुबड्या येतात. दुखऱ्या पायावर आधी मुळीच नाही, मग थोडा आणि डॉक्टरांच्या संमतीने अखेर पूर्ण भार टाकावयाचा असतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावयाची. जिना चढताना धडधाकट पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. या गोष्टी क्षुल्लक वाटतात, परंतु त्या कोणीतरी शिकवाव्या लागतात. न शिकविल्यास हाड जुळूनही माणूस लंगडत राहतो; त्याला मांडी घालून बसता येत नाही, एस.टी.ची पायरी चढता येत नाही.

हे शास्त्र महाराष्ट्राला नवे नाही. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात 1950 नंतरच्या दशकातच जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने भौतिकोपचाराचे शिक्षण सुरू झाले. 2021 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने या व्यवसायाला राष्ट्रीय पातळीवर मान्यता व नियमन यांची चौकट दिली. उणीव ज्ञानाची नाही. ते रुग्णापर्यंत पोहोचविण्याची आहे.

सार्वजनिक योजनांची मुदत पाहिली म्हणजे हे ध्यानात येते. रस्ते अपघातातील जखमींसाठी 2025 मध्ये अधिसूचित झालेल्या योजनेत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार विनारोख मिळतात, पण केवळ सात दिवसांपर्यंत. 2018 च्या आयुष्मान भारत योजनेत रुग्णालयातून घरी गेल्यानंतरच्या 15 दिवसांपर्यंतच्या तपासण्यांचा व औषधांचा खर्च धरलेला आहे. पायाची खरी परीक्षा त्यानंतर सुरू होते.

ही परीक्षा सर्वांना सारखी नसते. कार्यालयातील लिपिकाला पगारी रजा असते. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने कामावर जायबंदी झालेल्या विमाधारक कामगाराला रोख भत्त्याचा हक्क दिला. रोजंदारीवरील गवंडी वा हमाल यांच्या वाट्याला यांतील काहीच येत नाही. त्याला उपचारकेंद्रात जावयाचे तर तेथील शुल्क, रिक्षाचे भाडे आणि सोबत येणाऱ्या पत्नीची बुडालेली मजुरी असा तिहेरी भार पडतो. तो व्यायाम सोडून देतो, हा त्याचा आळस नव्हे. त्याच्या तुटपुंज्या मिळकतीने त्याला भाग पाडलेला तो निर्णय होय.

यावर उपाय फार खर्चाचे नाहीत. तालुक्याच्या रुग्णालयात ठरावीक वारी भौतिकोपचारतज्ज्ञ यावा. रुग्णाला घरी सोडताना व्यायामांचा सचित्र मराठी कागद हाती द्यावा. आणि शस्त्रक्रियेच्या मंजूर रकमेतच पुढील काही महिन्यांच्या ठरावीक भेटी समाविष्ट कराव्यात. तिजोरीवर बोजा पडेल, हा आक्षेप अपेक्षितच आहे. तथापि शस्त्रक्रियेवर हजारो रुपये खर्चून पुढच्या व्यायामापाशी हात आखडता घेणे, म्हणजे धरण बांधून कालवे न काढण्यासारखे आहे. कमावता माणूस घरी बसला, तर त्याची किंमत प्रथम त्याचे कुटुंब मोजते; पुष्कळदा शाळा सोडून कामाला लागलेला त्याचा मुलगा मोजतो. सरकारी खर्चाच्या कोणत्याही तक्त्यात ही रक्कम दिसत नाही, एवढ्यावरून ती वाचली असे म्हणता येणार नाही.