चार फुटांची आगगाडी

(द्वितीय वर्ष, कला)

लहान मुलाला आगगाडीचे चित्र काढायला सांगितले, की ते पुष्कळदा आधी वाटोळा रूळ काढते आणि मग त्यावर गाडी बसवते. मॉडेल रेल्वेचा छंद लागलेली मोठी माणसेही पहिल्यांदा बहुधा हेच करतात. मीही केले. आमच्या घरात एक खोली, तीत पाच माणसे, एक पलंग आणि एक लोखंडी ट्रंक. या घरात गोल रूळ बसेल अशी जागा शोधता शोधता माझे दोन महिने गेले. शेवटी ध्यानात आले, की जागा शोधण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता : या गाडीने करायचे काय?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी मापांची थोडी ओळख करून घेऊ. मॉडेल रेल्वेत खऱ्या गाडीची प्रतिकृती ठरावीक प्रमाणात लहान केलेली असते. ब्रिटनमध्ये ‘ओओ’ हे माप विशेष चालते. त्यात गाडी खऱ्याच्या ७६व्या हिश्श्याएवढी असते. युरोप-अमेरिकेत ‘एचओ’ हे माप अधिक रूढ असून त्याचे प्रमाण ८७व्या हिश्श्याचे आहे. दोन्हींत रुळांमधील अंतर मात्र एकच, १६.५ मिलिमीटर. त्याहून लहान ‘एन’. त्यात हे अंतर ९ मिलिमीटर असते. जर्मनीच्या मार्कलिन कंपनीने १९७२ साली आणलेले ‘झेड’ तर अवघे ६.५ मिलिमीटरचे, म्हणजे खऱ्याच्या २२०व्या हिश्श्याचे. जागा कमी असेल तर माप लहान घ्यावे, हा झाला सोपा उपाय. पण लहान मापाची गाडी हाताळणे आणि दुरुस्त करणे अवघड जाते, आणि मूळ अडचण त्याने सुटतेच असेही नाही.

ही मूळ अडचण वळणाची आहे. आपल्याकडे ब्रॉडगेजवर जास्तीत जास्त १० अंशांचे वळण चालते. त्याची त्रिज्या सुमारे १७५ मीटर. ८७ने भागल्यास ती दोन मीटर येते, म्हणजे पुरे वर्तुळ चार मीटरांचे झाले. दहा बाय बाराच्या खोलीत ते मावणार नाही. आणि हे तर सर्वांत तीव्र वळण! म्हणून खेळण्यांतील रुळांची वळणे फारच आवळलेली असतात. ओओ मापातील सर्वांत लहान तयार वळणाची त्रिज्या ३७१ मिलिमीटर असते. तरीही त्याचे वर्तुळ, कडेची जागा धरून, ८५ सेंटिमीटरांच्या आसपास जाते. एवढी जागा देऊन मिळते काय, तर स्वतःच्याच शेपटीमागे धावणारी गाडी. एका रुळावरून दुसरा न्यावा म्हटले तर पुलाखाली सुमारे ७ सेंटिमीटर उंची लागते. तीसला एक या चढाने तेवढी उंची गाठायला २१० सेंटिमीटर लांबी खर्ची पडते, आणि उतरायला पुन्हा तेवढीच.

ज्यांच्याकडे स्वतंत्र खोली नव्हती अशा ब्रिटनमधील छंदिष्टांनी या पेचातून एक वाट काढली. त्यांनी वर्तुळ सोडून दिले आणि फळी धरली. सी. जे. फ्रीझर यांनी १९५७ साली ‘मिनरीज’ नावाचा आराखडा प्रसिद्ध केला. हे नाव लंडनमधील एका रस्त्याचे. त्यात तीन फलाटांचे शहरी टर्मिनस एका अरुंद फळीवर बसवले होते. गाड्या येतात, इंजिन बदलते, गाड्या जातात. दुसऱ्या टोकाला पडद्याआड एक यार्ड ठेवलेले असते. नाटकात नट विंगेत जातात तशा गाड्या तिथे जातात, आणि प्रेक्षकाने समजून घ्यायचे, की गाडी दूरच्या गावी पोहोचली.

याहूनही लहान आराखडा ॲलन राइट यांचा. नाव ‘इंग्लनूक सायडिंग्ज’. इंग्लनूक म्हणजे चुलीशेजारचा उबेचा कोपरा. उत्तर इंग्लंडमधील एका शाखामार्गावरच्या किलहॅम येथील मालाच्या सायडिंगवरून त्यांना ही कल्पना सुचली. यात दोनच सांधे आणि तीन सायडिंग आहेत. एका सायडिंगवर पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोहोंवर तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडे एक आखूड रूळ असतो. त्यावर इंजिन आणि तीन वाघिणी एवढेच उभे राहू शकते. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्या टाकायच्या, त्यांतून पाच उचलायच्या, आणि निघालेल्या क्रमानेच त्या पाच वाघिणी लांब सायडिंगवर लावून गाडी तयार करायची.

ऐकायला सोपे वाटते. पण हिशेब पाहा. सायडिंगवर जागा अकरा आणि वाघिणी आठ, म्हणजे मोकळ्या जागा तीनच. पंधरा सोंगट्यांच्या चौकोनी खेळात जसे सारे काही एका रिकाम्या घरावर चालते, तसे इथे या तीन जागांवर चालते. समजा, हवी असलेली वाघीण रांगेत तिसरी आहे. इंजिनाने तिन्ही ओढून आखूड रुळावर आणायच्या, सांधा बदलायचा, शेवटची तेवढी दुसऱ्या सायडिंगवर सोडायची आणि उरलेल्या दोन परत नेऊन ठेवायच्या. पण हवी ती वाघीण चौथी असली, तर चारही एकदम बाहेर काढता येत नाहीत. पुढच्या काहींची सोय आधी दुसरीकडे लावावी लागते. आठांतून पाच वाघिणींचे क्रम ६,७२० होतात. रोज एक डाव मांडला, तरी सगळे क्रम संपायला अठरा वर्षे लागतील!

हे सारे ओओ मापात किती लांबीत बसते, तेही मोजू. चार चाकी वाघीण सुमारे ८ सेंटिमीटर, लहान इंजिन १२ सेंटिमीटर. आखूड रूळ झाला ३६ सेंटिमीटर, पाच वाघिणींची सायडिंग ४० सेंटिमीटर. लहान त्रिज्येचा तयार सांधा १८.५ सेंटिमीटरांचा, दोन मिळून ३७. बेरीज ११३ सेंटिमीटर. चार फुटी फळी १२२ सेंटिमीटरांची असते. रुंदी एक फूट पुरे. एन मापात तर याच्या निम्म्याच्या आसपास जागेत काम भागते.

ही बेरीज मी आता सरळ लिहीत असलो, तरी पहिल्या खेपेला ती चुकली होती. कागदावर सांधा काढताना पेन्सिल वाटेल तशी वळते; खरा सांधा तसा वळत नाही. माझे काढलेले सांधे आखूड निघाले. ते खऱ्या मापाचे करताना वाढलेली लांबी मी आखूड रुळातून कापून घेतली. सायडिंग मात्र भरपूर ठेवल्या, कारण वाघिणी दिसायला हव्यात. वडील रेल्वेत सांधेवाला म्हणून राबले आहेत. शाळा त्यांची चौथीत सुटली. मी कॉलेजात काय शिकतो ते त्यांना सांगायचा मी बरेचदा प्रयत्न केला, आणि दर वेळी ते “बरं” म्हणून गप्प राहिले. तो कागद मात्र त्यांनी हातात घेतला, दिव्याखाली धरला आणि एका मिनिटात म्हणाले, “डबे ठेवलेस, पन इंजिनानं उभं कुठं ऱ्हायचं?”

मी काड्यापेट्या मांडून पाहिले. इंजिन आणि तीन वाघिणी आखूड रुळावर नेल्या, तर शेवटची वाघीण अर्धी सांध्यावरच राहत होती. वाघीण सांध्यावर उभी असताना सांधा बदलता येत नाही. म्हणजे माझ्या आराखड्यात तीन वाघिणी एकदम हलवणे शक्यच नव्हते. त्या रात्री वडिलांनी काड्यापेट्या सरकवत मला शंटिंग शिकवले. मोकळी जागा ही वाया गेलेली जागा नसते, यार्ड भरले की यार्ड मेले, हे त्यांचे म्हणणे. माझ्या घरात इतकी वर्षे असलेली ही विद्या विचारावी, असे मला कधी सुचले नव्हते.

तेव्हा ज्यांना असा आराखडा करायचा असेल, त्यांनी पैसा खर्च करण्याआधी एवढे करावे. गाडी काय काम करणार ते एका वाक्यात लिहावे. सर्वांत लांब गाडी किती डब्यांची, ते ठरवून त्यावरून प्रत्येक रुळाची लांबी काढावी. जुन्या वर्तमानपत्रांना खळ लावून कागद जोडावा आणि त्यावर खऱ्या मापात आराखडा काढावा. सांधे हाताने न काढता त्यांच्या मापाचे तुकडे कापून ठेवावेत. मग त्यावर वाघिणींच्या मापाच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या किंवा काड्यापेट्या सरकवून आठ दिवस डाव खेळावेत. अडेल तिथे दुरुस्ती करावी. आणखी एक गोष्ट : फळी कितीही मोठी मिळाली, तरी हात पोहोचेल एवढीच रुंद ठेवावी. घसरलेला डबा हातानेच उचलायचा असतो.

आपल्याकडची गाडी करायची, तर ब्रॉडगेजची एक अडचण आहे. १६७६ मिलिमीटरचा आपला रूळ ८७ने भागला की १९.३ येतो आणि तयार रूळ मिळतो १६.५चा. अरुंद गेजचे मात्र छान जमते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, ती ७६२ मिलिमीटर रुंदीची. ८७ने भागल्यास ८.८, म्हणजे एन मापाचा ९ मिलिमीटरचा रूळ तिला जवळजवळ अचूक बसतो. छोटी इंजिने, छोटी स्थानके, तीव्र वळणे. फळीसाठी याहून सोयीचा विषय कोणता? ती लाइन आज ब्रॉडगेज झाली आहे. जुनी गाडी पुन्हा पाहायची, तर ती अशी फळीवरच पाहावी लागेल.

माझ्याकडे अजून रूळही नाहीत आणि इंजिनही नाही. चार फुटांची फळी आहे. दिवसा ती ट्रंकेवर असते आणि रात्री खिळ्याला टांगतो, कारण तिच्या जागेवर अंथरूण पडते. जेवणे आटोपली, की ती थोडा वेळ खाली येते. वडील चिठ्ठ्या काढतात, मी काड्यापेट्या लावतो. आतापर्यंत एकवीस डाव झाले. त्यांचे डाव माझ्यापेक्षा नेहमी कमी खेपांत सुटतात.