कम्युनिटी कॉलेजमार्गे विद्यापीठात

शाळेत गुण कमी पडले की नामवंत विद्यापीठाचा विषय संपला, हा समज कॅलिफोर्नियापुरता तरी चुकीचा आहे. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षे शिकून विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षात जाण्याची वाट तिथे 1960 च्या उच्च शिक्षणाच्या मास्टर प्लॅनने मुद्दाम आखली. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया अशा विद्यार्थ्याची सरासरी काढताना शाळेचे गुण धरत नाही. 60 सेमिस्टर युनिटांतले कॉलेजचे काम पाहते, आणि तेच न्याय्य आहे. राज्यातल्या रहिवाशांसाठी किमान सरासरी 4 पैकी 2.4 आहे. डेव्हिस, अर्व्हाइनसह सहा कॅम्पस ठरावीक अटी पुऱ्या करणाऱ्याला प्रवेशाची हमीही देतात. बर्कली आणि लॉस एंजेलिस ती देत नाहीत; तिथे 2.4 म्हणजे फक्त अर्ज करण्याचा हक्क.

पण खराब गुण कॉलेजातलेच असतील तर? हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. पहिल्या 30 युनिटांत सरासरी 2.0 पडली, तर पुढच्या 30 युनिटांत पैकीच्या पैकी मिळवूनही ती 3.0 वरच थांबते. म्हणून ‘डी’ किंवा ‘एफ’ आलेला विषय आधी पुन्हा घ्यावा. सरासरीत नवी ग्रेड धरली जाते. जुनी मात्र अर्जात लिहावीच लागते, लपवून चालत नाही. कम्युनिटी कॉलेजच्या या वाटेला मागचे दार म्हणणाऱ्यांनी अभ्यासक्रम पाहावा: कॉलेजातले कॅल्क्युलस विद्यापीठाने आपल्या विषयाशी समकक्ष मानले असेल, तरच ते त्या विषयाच्या जागी चालते. ही समकक्षतेची यादी असिस्ट या अधिकृत संकेतस्थळावर आहे, आणि विषय निवडण्याआधीच ती पाहायला हवी.