आंत्र-सूक्ष्मजंतू, वन्य मांसाहारी प्राण्यांचे

वन्य मांसाहारी सस्तन प्राण्यांच्या आतड्यात कायम वास्तव्य करणाऱ्या सूक्ष्मजंतूंच्या समूहास ही संज्ञा लावतात. एकाच अधिवासात अनेक मांसाहारी जाती राहत असल्यास या समूहांची तुलना विशेष उद्‌बोधक ठरते. कारण हवा, पाणी व माती समान असूनही त्यांत जो भेद उरतो, तो प्राण्याचे कुल व आहार यांमुळे आलेला असतो.

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील राजूर हे गणपतीच्या देवस्थानामुळे प्रसिद्ध आहे. अजिंठा डोंगररांगेच्या दक्षिणेकडील या पठारी प्रदेशात शेते, गायराने व खुरटी माळराने एकमेकांत मिसळलेली आहेत. मराठवाड्यातील अशा माळरानी पट्ट्यांत लांडगा, कोल्हा, खोकड, तरस व रानमांजर (बाऊल) हे प्राणी आढळतात. लांडगा हरिण, ससा आणि शेळ्या-मेंढ्या मारतो. खोकडाच्या आहारात उंदीर, सरडे, वाळवी, भुंगेरे व बोरे असतात. कोल्हा मृत मांसापासून मक्याच्या कणसापर्यंत सर्व काही खातो, तर तरस मुख्यतः मेलेल्या जनावरांवर व त्यांच्या हाडांवर जगतो. रानमांजर जवळजवळ पूर्णतः उंदीर व पक्षी यांवर अवलंबून असते.

मांसाहारी प्राण्याचे आतडे आखूड असते. मांजराचे ते शरीराच्या सु. चौपट, तर मेंढीचे सु. पंचवीसपट लांब असते. त्यामुळे अन्न त्यात थोडाच काळ राहते. जठरातील तीव्र अम्लात बाहेरचे पुष्कळसे जंतू नष्ट होतात. परिणामी मांसाहारी प्राण्यांत सूक्ष्मजंतूंचे वैविध्य शाकाहारी प्राण्यांपेक्षा कमी आढळते. फर्मिक्यूट्स, बॅक्टेरॉयडेटीस, फ्यूजोबॅक्टेरिया, प्रोटिओबॅक्टेरिया व ॲक्टिनोबॅक्टेरिया हे त्यांतील प्रमुख संघ होत. माणसात फ्यूजोबॅक्टेरियाच्या काही जातींचा संबंध बृहदांत्राच्या कर्करोगाशी जोडला जातो. निरोगी कुत्र्यात मात्र हा संघ नेहमीच विपुल असतो. यावरून ‘उपकारक’ व ‘अपकारक’ ही विशेषणे आश्रयी प्राण्याचा विचार न करता वापरणे सयुक्तिक नाही, हे दिसून येते.

क्लॉस्ट्रिडियम व फ्यूजोबॅक्टेरियम या प्रजातींतील जंतू प्रथिनांचे किण्वन करतात. त्यापासून ब्युटिरिक अम्लाबरोबरच अमोनिया, इंडोल व फिनॉल ही अनिष्ट द्रव्येही निर्माण होतात. भक्ष्याचे केस, कातडे व कूर्चा ही न पचणारी द्रव्ये येथे वनस्पतींतील तंतूंसारखे कार्य करतात. बंदिवान चित्त्यांना नुसत्या गोमांसाऐवजी अखंड ससे दिले असता त्यांच्या विष्ठेतील इंडोल व फिनॉल कमी झाल्याचे प्रयोगांत आढळले आहे. पकडलेल्या प्राण्याला केवळ मांसाचे तुकडे देणे म्हणूनच पुरेसे नाही.

कुल व आहार यांपैकी अधिक प्रभावी कोण, याचे उत्तर एकेरी नाही. २००८ मध्ये साठ सस्तन जातींच्या विष्ठांवर झालेल्या अभ्यासात बांबू खाणाऱ्या राक्षसी पांड्याचे सूक्ष्मजंतू त्याच्या मांसाहारी आप्तांशीच जुळले; म्हणजे आहार बदलूनही कुलाची छाप टिकली. माळरानावरील तरसही या दृष्टीने लक्षणीय आहे. तो दिसावयास कुत्र्यासारखा असला, तरी वर्गीकरणदृष्ट्या मांजर व मुंगूस यांना जवळचा आहे. त्याचे आतडे आप्तांशी जुळते की मृत मांस खाणाऱ्या कोल्ह्याशी, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा राहत नाही.

आतड्यातील बहुतेक जंतूंना ऑक्सिजन मारक असल्याने ते प्रयोगशाळेत वाढविणे कठीण जाते. यास्तव विष्ठेतील डीएनए वेगळे करून १६ एस रिबोसोमी आरएनएच्या जनुकाचा अनुक्रम वाचतात. यात खरी अडचण क्षेत्रकार्यात येते. लांडगा, कोल्हा व गावठी कुत्रा हे तिघेही पायवाटांवर विष्ठा टाकतात. ती नुसत्या आकारावरून ओळखल्यास फसगत होते. (तरसाची विष्ठा हाडांतील चुन्यामुळे वाळल्यावर पांढरी पडते व सहज ओळखू येते.) म्हणून प्राण्याची जातही तंतुकणिकांतील डीएनएवरून पडताळावी लागते. नमुना ताजा असावा व तो मातीला न लागलेल्या आतील भागातून घ्यावा. अन्यथा मातीतील जंतूंचीच मोजदाद होते.

गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकमुळे १९९० नंतर गिधाडे झपाट्याने घटली. या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर भारतात २००६ मध्ये बंदी आली. गिधाडे नाहीशी झाल्यावर गावाबाहेर टाकलेली मेलेली जनावरे कुत्रे, कोल्हे व तरस यांच्या वाट्यास अधिक येऊ लागली. अशा एकाच सांगाड्यावर वन्य व पाळीव प्राण्यांच्या जंतूंची देवाणघेवाण होऊ शकते. प्रतिजैविकांना दाद न देणारे एश्चेरिकिया कोलाय जंतू अनेक देशांतील वन्य प्राण्यांत आढळले असून, ज्यांना कधीही औषध दिलेले नाही अशा प्राण्यांत ते सापडावेत ही बाब गंभीर आहे. मांस, दूध व अंडी यांसाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टीन हे प्रतिजैविक वापरण्यास भारत सरकारने २०१९ मध्ये मनाई केली. तथापि लांडग्याच्या आतड्यात असा जंतू सापडला, तर तो लांडग्याने पसरविला असे मानणे उतावळेपणाचे होईल. बहुधा तो मेलेल्या शेळीबरोबर किंवा कोंबडीच्या टाकाऊ भागांबरोबर त्याच्याकडे आलेला असतो.